नवा बेल्ट, तीच किंचाळी: गाडीच्या बेल्टचं नेमकं माप कसं शोधायचं

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंची हॅचबॅक माझ्याकडे आली तेव्हा दोन वर्षांत तिच्यावर तिसरा बेल्ट चालू होता. तीन निरनिराळ्या मेकॅनिकांनी बदललेला, तिन्ही वेळा चांगला माल, पावत्याही काकूंनी जपून ठेवलेल्या. तरी सकाळी चावी फिरवली की गाडी अशी किंचाळायची की शेजारची मुलं कानावर हात ठेवायची. "अहो, मला आता गाडी बाहेर काढायचीच लाज वाटते," असं त्या म्हणाल्या, ते अजून लक्षात आहे.

बॉनेट उघडल्यावर मी आधी बेल्टकडे पाहिलंच नाही. ऑल्टरनेटरच्या, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, वरच्या बोल्टकडे पाहिलं. बेल्ट ताणायचा झाला की हा बोल्ट एका वाकड्या पट्टीतल्या लांबट स्लॉटमध्ये सरकवतात. काकूंच्या गाडीत तो स्लॉटच्या अगदी शेवटाला जाऊन टेकला होता. पुढे सरकायला नखभर जागा उरली नव्हती, आणि बेल्ट मात्र अंगठ्याने दाबला की सहज खाली जात होता. म्हणजे बेल्ट लांब होता. पहिल्या मेकॅनिकने जवळपासचा नंबर टाकला आणि पुढच्या दोघांनी जुना बेल्ट काढला, त्यावरचा आकडा वाचला आणि इमानेइतबारे तोच आणला. एकाची चूक तिघांच्या हातून गेली आणि प्रत्येक वेळी पैसे काकूंचे गेले.

वडोदऱ्यात गॅरेज चालवताना हा एकच बिघाड मी इतक्यांदा निस्तरला आहे की तो नीट लिहून ठेवावा असं वाटलं. इथे 'बेल्ट' म्हणजे इंजिनच्या पुढच्या बाजूला बाहेरून दिसणारा बेल्ट, ज्याला आपण सवयीने फॅन बेल्ट म्हणतो. तो ऑल्टरनेटर फिरवतो, आणि गाडीनुसार वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टीअरिंगचा पंपही. स्कूटरच्या बेल्टबद्दल शेवटी लिहिलं आहे.

लक्षणं

माप चुकलं असेल तर गाडी ते सांगतेच, पण दोन तऱ्हांनी.

बेल्ट लांब असेल तर तो घसरतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला, पावसात, किंवा एसी आणि हेडलाइट एकदम लावले की लांबलचक 'चीऽऽ' येते आणि गाडी तापली की थांबते. सकाळीच का, तर स्टार्टरने बॅटरीतून घेतलेला करंट भरून काढायला ऑल्टरनेटरवर त्या वेळी सगळ्यात जास्त भार असतो, आणि रबर थंड, दमट असतं. पुढेपुढे बॅटरी पुरती चार्ज होत नाही, रात्री आयडलिंगला हेडलाइट मंद होतात, एसी सिग्नलवर गार करत नाही. हायड्रॉलिक स्टीअरिंग असेल तर पार्किंगमध्ये ते मध्येच जड लागतं.

बेल्ट आखूड असेल तर लोक खूश असतात, कारण आवाजच येत नाही. आवाज येतो काही महिन्यांनी, आणि तो बेल्टचा नसतो, बेअरिंगचा असतो. ऑल्टरनेटर किंवा वॉटर पंपमधून घरघर सुरू होते. अति ताणलेला बेल्ट पुलीला सतत एका बाजूला ओढत असतो. वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं की मागोमाग त्याचं सील जातं आणि कूलंट गळायला लागतं. बेल्टवर वाचवलेले शंभर रुपये असे परत द्यावे लागतात.

तिसरा प्रकार रुंदीचा. बेल्टच्या आतल्या बाजूला लांबीभर ज्या उंच रेघा असतात त्या लाइन. त्या कमी-जास्त असल्या किंवा बेल्ट पुलीची एक खाच सोडून बसला, तर कडेचे धागे सुटतात, पुलीभोवती काळी पावडर जमते आणि एखाद्या दिवशी बेल्ट चिंध्या होऊन बाहेर पडतो.

हात घालण्याआधी

इंजिन बंद, थंड, चावी काढून खिशात. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, म्हणून बोटं तिकडे नकोत. ऑल्टरनेटरचा बोल्ट सैल करायचा असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. ऑल्टरनेटरच्या मागची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतोच. पान्याचं एक टोक तिला आणि दुसरं बॉडीला लागलं की काय होतं ते मी पाहिलं आहे, पुन्हा पाहायची इच्छा नाही.

पहिली तपासणी, फुकटची: बोल्ट कुठे उभा आहे

टॉर्च घ्या आणि तो स्लॉट शोधा. आत्ता गाडीवर आहे तो बेल्ट ताणलेल्या स्थितीत असताना बोल्ट स्लॉटच्या सुरुवातीच्या एक तृतीयांश भागात असला तर ठीक. नवा बेल्ट तिथेच बसायला हवा, म्हणजे पुढे झिजेल तसा ताणायला जागा उरते. शेवटाला टेकला असेल तर बेल्ट लांब आहे किंवा फार झिजला आहे. बेल्ट नवा असूनही बोल्ट शेवटाला असेल तर शंका नकोच, माप चुकलं आहे. उलट बोल्ट स्लॉटच्या सुरुवातीलाच अडकला असेल आणि मेकॅनिकने पहारीने रेटून बेल्ट चढवला असेल, तर तो आखूड आहे.

साधा हिशेब आहे. बेल्ट एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूने परत येतो, म्हणून त्याची लांबी १० मि.मी. वाढली की पुलीला साधारण ५ मि.मी. बाहेर सरकावं लागतं. काकूंच्या गाडीवर ८९० चा बेल्ट होता, हवा होता ८७० चा. दोन सेंटिमीटरचा फरक हातात धरून दिसतही नाही, पण स्लॉट तेवढ्यात संपतो.

तुमच्या गाडीत स्लॉट नसेल, स्प्रिंगचा आपोआप ताणणारा टेन्शनर असेल, तर त्याच्या हलत्या हातावर एक खूण आणि त्याच्याच न हलणाऱ्या भागावर दोन मर्यादा कोरलेल्या सापडतात. खूण दोन मर्यादांच्या मध्ये हवी. त्या खुणांवर तेल-धूळ बसलेली असते, चिंधीने पुसल्याशिवाय दिसत नाहीत.

ही तपासणी मी सगळ्यात आधी लिहिली याचं कारण आहे. पुढच्या सगळ्या तपासण्या 'कोणता आकडा' ते सांगतात. गाडीवरचा आकडा बरोबर आहे की नाही, हे फक्त हीच सांगते.

दुसरी: बेल्टच्या पाठीवर काय छापलं आहे

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर आतून लांब लाइन असलेला चपटा बेल्ट असतो. त्याच्या गुळगुळीत पाठीवर इंग्रजी अक्षरांत '४ पीके ८७०' असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला ४ म्हणजे चार लाइन. पीके म्हणजे त्या लाइनचा घाट, ज्यात दोन लाइनमधलं अंतर ३.५६ मि.मी. असतं. ८७० म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. काही कंपन्या क्रम उलटा छापतात, ८७० आधी आणि ४ पीके नंतर, अर्थ तोच. 'डीपीके' दिसलं तर त्या बेल्टला दोन्ही बाजूंना लाइन असतात आणि त्याच्या जागी एका बाजूचा बेल्ट चालत नाही.

जुन्या बेल्टवरचा आकडा पुसट झालेला असतो. अशा वेळी मी बेल्ट काढून कोरड्या फडक्याने पुसतो, पाठीवर चिमूटभर टाल्कम पावडर टाकतो, बोटाने हलकेच पसरवतो आणि जास्तीची फुंकून टाकतो. मग टॉर्च वरून न मारता बेल्टच्या पातळीत आडवी धरतो. छपाईची शाई गेली तरी अक्षरांचा किंचितसा उठाव राहिलेला असतो, त्याच्या कडेला पावडर अडकते आणि आकडा राखाडीवर पांढरा उमटतो. ८ आणि ६ मध्ये घोटाळा होतो, तेव्हा फोटो काढून मोठा करून पाहा. वाचून झालं की पावडर असलेला बेल्ट तसाच चढवू नका, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा.

'के०४०' किंवा 'के०६०' ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो इंचांच्या पद्धतीचा आहे. मधले आकडे लाइन सांगतात, शेवटचे लांबी. तिथे कॅल्क्युलेटर काढून मिलिमीटर करत बसू नका. दुकानदाराकडे जुळवणीचा तक्ता असतो, त्यातूनच पाहा.

आणि पुन्हा सांगतो, छापलेला आकडा म्हणजे आत्ता कोणता बेल्ट बसवला आहे एवढंच. कोणता बसवायला हवा होता ते पुढच्या पायरीवर कळतं.

तिसरी: गाडीच्या चासी नंबरवरून

मॉडेलचं नाव सांगून बेल्ट मागणं ही चुकीची सगळ्यात मोठी वाट आहे. एकाच नावाची, एकाच वर्षाची गाडी पेट्रोलमध्ये वेगळा बेल्ट घेते, डिझेलमध्ये वेगळा. एसी असलेली वेगळा, नसलेली वेगळा. स्टीअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचा पंप बेल्टवर असतो, इलेक्ट्रिक असेल तर नसतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा बऱ्याच गाड्यांची नावं तीच राहिली, पण आतली इंजिनं बदलली. म्हणून आरसीवरचा सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर जा आणि त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. बेल्ट तिथूनच घ्या असं माझं म्हणणं नाही. नंबर मात्र तिथला घ्या, मग त्या नंबरशी जुळणारा बेल्ट कुठूनही घ्या.

दोन ठिकाणी हाही आधार फसतो. एक, ज्या गाडीला एसी नंतर बाहेरून बसवला आहे. तिथे कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट बाजारातला असतो आणि कंपनीच्या कागदांना त्याची खबरच नसते. दोन, ज्या गाडीत ऑल्टरनेटर किंवा एखादी पुली आधीच बदललेली आहे. जुन्या सेकंडहँड गाड्यांत हे सर्रास सापडतं. अशा गाडीला पाचव्या तपासणीशिवाय गत्यंतर नाही.

काही इंजिनांना दोन बेल्ट असतात आणि त्यांच्या लांब्या जवळजवळच्या असतात. आतला मागितला आणि बाहेरचा मिळाला, असंही होतं. मागताना 'ऑल्टरनेटरचा' किंवा 'एसीचा' असं नाव घेऊन मागा.

काउंटरवरचा एक प्रसंग सांगतो. मला हवा होता तो आकडा नव्हता, दुकानदाराने पुढचा काढून माझ्यासमोर ठेवला. "काका, एक नंबर मोटो छे, पण चालशे." माणूस चांगला, वर्षानुवर्षांची ओळख. पण हे 'चालशे' ऐकून मी आता बेल्ट उचलत नाही. स्लॉटवाल्या गाडीत ५ मि.मी. इकडेतिकडे खरंच चालून जातं, ते मी नाकारत नाही. ऑटोमॅटिक टेन्शनरच्या गाडीत टेन्शनरचा हात आधीच मर्यादेजवळ असेल तर तेवढंही चालत नाही. आणि ज्या गाडीत स्लॉटही नाही आणि टेन्शनरही नाही तिथे तर अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी योग्य बेल्ट मागवून घेणं बरं.

चौथी: लाइन मोजा, बेल्टच्या आणि पुलीच्याही

दोन्ही मोजायच्या. पुलीला पाच खाचा आणि बेल्टला चार लाइन, असं काही गाड्यांत मुळातच असतं, तेव्हा नुसत्या पुलीवरून बेल्ट ठरवू नका. जुना बेल्ट काढण्याआधी तो कुठल्या खाचेपासून सुरू होतो याचा फोटो घ्या, सगळ्या पुल्यांभोवतीच्या फेऱ्याचाही घ्या. बेल्ट तुटून गळून पडला असेल आणि एखादी लाइन सोलून गेली असेल तर पट्टीने रुंदी मोजून ३.५६ ने भागा. १४ मि.मी.च्या आसपास म्हणजे चार लाइन, १८ म्हणजे पाच, २१ म्हणजे सहा.

खाचा मोजताना त्या स्वच्छही करा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांच्या पुल्यांत गाळ वाळून सिमेंटसारखा बसला होता. अशा पुलीवर नवा बेल्ट थोडा उंच बसतो, ताण बरोबर वाटतो. चार दिवसांत गाळ झडतो, बेल्ट खाचेत खाली उतरतो आणि सैल पडतो. मालक समजतो माप चुकलं, आणि एक नंबर आखूड बेल्ट आणतो. खाचा साफ करायला तारेचा ब्रश नको, जुना टूथब्रश आणि पाणी पुरे.

पाचवी: बेल्टच नाही, तेव्हा लांबी कशी काढायची

बेल्ट रस्त्यात पडला, कागदपत्रं जुळत नाहीत, तेव्हा मोजण्याला पर्याय नाही. सुतळी किंवा नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणली जाते. खोके बांधायची प्लॅस्टिकची अरुंद पट्टी मिळते, ती ताणत नाही आणि वळणावर नीट बसते. ऑल्टरनेटरचा बोल्ट स्लॉटच्या सुरुवातीपासून एक तृतीयांश अंतरावर ठेवून हाताने आवळा. मग बेल्ट जसा फिरतो तशीच पट्टी सगळ्या पुल्यांभोवती फिरवा, जिथे बेल्टची पाठ पुलीला लागते तिथे पट्टीही तशीच न्या. दोन टोकं एकावर एक आली तिथे पेनाने खूण करा, काढून सरळ जमिनीवर मोजा. हे तीनदा करा. तिन्ही मापं दोन-तीन मिलिमीटरांत आली नाहीत तर कुठेतरी पट्टी खाचेतून निसटली आहे.

हे माप अंदाजाचं असतं. दोऱ्याने मोजलंत तर तो खाचेच्या तळाशी जाऊन बसतो आणि माप कमी येतं. म्हणून दुकानातून जवळपासचे दोन आकडे घरी न्यायची परवानगी मागून घ्या, चढवून पाहा, आणि पहिल्या तपासणीतला बोल्ट जिथे सांगेल तो ठेवा.

जुना बेल्ट कापून लांबी मोजण्यावर मात्र भरवसा ठेवू नका. आताचे बेल्ट ज्या रबराचे असतात ते फारसं ताणतही नाही आणि जुन्यासारखं तडकतही नाही, ते लाइनच्या कडांनी झिजतं. झिजलेल्या लाइन खाचेत जास्त खोल जातात, त्यामुळे बेल्ट लांब झाल्यासारखा वागतो, मोजला तर लांबी तेवढीच. वरून धडधाकट दिसणारा बेल्ट घसरतो तो यामुळे.

जुन्या जीप, ट्रॅक्टर, डिझेल टेम्पो

पादरा गावाकडून एक शेतकरी भाऊ आले होते. ट्रॅक्टरला साधा व्ही-बेल्ट, म्हणजे आतल्या बाजूला निमुळता होत जाणारा. त्यांनी जुन्या बेल्टची बाहेरून गोल टेप फिरवून लांबी घेतली, आली ४४ इंच. दुकानातून 'ए ४४' आणला, ढिला पडला. मग त्यांना वाटलं माल नकली आहे. माल नकली नव्हता. या बेल्टवरचा इंचांचा आकडा आतल्या परिघाचा असतो. 'ए' जातीचा बेल्ट वर १३ मि.मी. रुंद आणि ८ मि.मी. जाड असतो. जाडी ८, तिची दुप्पट १६, गुणिले ३.१४, म्हणजे बाहेरचा परीघ आतल्यापेक्षा ५० मि.मी.ने, म्हणजे सुमारे दोन इंचांनी मोठा. त्यांना हवा होता 'ए ४२'. एक पैसा जास्त न घालवता काम झालं असतं.

याउलट 'एव्ही १० × ८५० एलए' असं छापलेलं असेल तर १० ही वरची रुंदी आणि ८५० ही बाहेरची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 'एलए' म्हणजे बाहेरची, 'एलआय' म्हणजे आतली. आकडा सांगताना ही दोन अक्षरंही सांगा.

या बेल्टमध्ये रुंदीची चूक लांबीइतकीच वाईट. व्ही-बेल्ट दोन तिरप्या बाजूंनी पुलीला धरतो, तळाने नाही. अरुंद बेल्ट रुंद पुलीत टाकला तर तो तळाला टेकतो आणि घसरत राहतो. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर हेच झालं आहे. बरोबर बेल्ट पुलीच्या काठाशी साधारण सपाट बसतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीकडे मशिनांचे बेल्ट विकणारी दुकानं आहेत, तिथे माल चांगला मिळतो, पण गाडीच्या अरुंद पुलीला मशीनचा १३ चा बेल्ट लावू नका. तो काठाच्या वर राहतो.

माप बरोबर, तरी आवाज

पाण्याचा फवारा मारायची साधी बाटली घ्या. इंजिन आयडलिंगला चालू, बाही दुमडलेली, ओढणी किंवा गळ्यातली साखळी दूर, आणि हातभर अंतरावरून बेल्टच्या लाइनच्या बाजूवर थोडं पाणी. आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताण किंवा लांबी पुन्हा तपासा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. तेव्हा बेल्ट बदलून काही उपयोग नाही. लांब सरळ पट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर टेकवली की तिरकेपणा दिसतो. बऱ्याचदा ऑल्टरनेटर बदलताना ब्रॅकेटमधला वॉशर हरवलेला असतो, तेवढंच कारण निघतं.

ताण पाहायला सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबा. साधारण १० मि.मी. खाली जाणं हे बऱ्याच गाड्यांचं माप, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून, थंड करून पुन्हा एकदा पाहा. नवा बेल्ट खाचेत बसताना थोडा सैलावतो.

बेल्ट काढलेला असताना प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली, पुली डुगडुगली किंवा अडखळली तर बेअरिंग गेलं आहे.

साबण, मेणबत्ती, ग्रीस, फवाऱ्याचं औषध, काहीही बेल्टला लावू नका. आवाज आठवडाभर दबतो आणि त्या चिकट थरावर धूळ बसून पुली घासली जाते. तेल किंवा कूलंट गळून बेल्ट भिजत असेल तर आधी गळती थांबवा, कारण तेलाने रबर फुगतं आणि नवाही तसाच जाईल.

स्कूटरचा बेल्ट

इथे माझा सल्ला छोटा आहे. मोजू नका. स्कूटरचा बेल्ट गिअरचं काम करतो, पुल्या उघडतात-मिटतात तसा तो वरखाली होतो, आणि ताणायला स्लॉट नसतो. लांबी, रुंदी किंवा बाजूचा कोन, काहीही थोडंसं बदललं की पिकअप किंवा टॉप स्पीड पडतो. म्हणून कंपनीचा पार्ट नंबर हाच आधार. होंडाच्या नंबरात पहिले पाच आकडे २३१०० असले की तो ड्राइव्ह बेल्ट, पुढची तीन अक्षरं मॉडेलची. त्या तीन अक्षरांत एक जरी वेगळं असलं तरी बेल्ट परत करा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने बसवा. पुढच्या पुलीचा नट धरायला ठरावीक हत्यार लागतं. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवू नका, पाती तुटतात. हत्यार नसेल तर तिथेच थांबा आणि मेकॅनिककडे द्या.

कुठे थांबायचं

गाडीत स्लॉट नाही, टेन्शनर नाही, आणि बेल्ट तरीही कडक ताणलेला आहे, तर तो लवचिक जातीचा बेल्ट आहे. तो चढवायला खास साधन लागतं. त्याच्या जागी साधा बेल्ट रेटून बसवला तर तो तरी तुटतो किंवा पुलीचा काठ तरी. हे घरी करू नका.

प्लॅस्टिकच्या झाकणामागे दातेरी बेल्ट दिसला तर तो टायमिंग बेल्ट. त्याला हातही लावू नका. एक दात इकडचा तिकडे झाला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बाहेरचा बेल्ट चिंध्या होऊन तुटला असेल आणि त्याचे धागे खालच्या क्रँक पुलीमागे गेलेले दिसले, तर झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय गाडी चालू करू नका. ते धागे टायमिंग बेल्टमध्ये ओढले जातात. हे काम जाणत्या मेकॅनिकचं.

माइल्ड हायब्रिड गाड्यांत तोच बेल्ट इंजिन चालूही करतो, म्हणून त्यांचा बेल्ट आणि टेन्शनर वेगळे असतात. त्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. क्रँक पुली फिरताना लंगडते आहे, तिच्या मधलं रबर फुटलं आहे, ऑल्टरनेटरची पुली एकाच दिशेने धरणारी आहे आणि दोन्हीकडे सैल फिरते आहे, किंवा बोल्ट इतका जाम आहे की पान्याला पाइप लावावासा वाटतो, अशा वेळीही थांबा. ॲल्युमिनिअमच्या ब्रॅकेटमध्ये बोल्ट तुटला की बेल्टच्या खर्चात आणखी कितीतरी भर पडते.

आणि रस्त्यात बॅटरीचा दिवा लागला, पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट गेला आहे आणि वॉटर पंप थांबला आहे असं समजा. एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. काही डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप ऑल्टरनेटरच्याच मागे असतो, त्यात ब्रेकही जड होतात. बाजूला घ्या, बंद करा, गाडी ओढून न्यायला माणूस बोलवा.

काकूंच्या गाडीला ८७० चा बसवला तेव्हा बोल्ट स्लॉटच्या सुरुवातीच्या हिश्श्यात येऊन थांबला. जिथे तो आधी टेकला होता तिथे पट्टीवर घासून चकचकीत झालेलं वर्तुळ उरलं होतं. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने '४ लाइन, ८७०, ऑल्टरनेटर' आणि तारीख लिहून ठेवली. पुढच्या वेळी गाडी कोणाच्याही हातात गेली तरी त्याने आधी ती पट्टी वाचावी, असं काकूंना सांगून ठेवलं आहे.